तुडुमाचा मान

माझी आई म्हणायची, ह्या पोरीला देवाने साखर दिली तरी ही आधी मुंगी आहे का ते बघेल. खोटं नव्हतं ते. कोणी माझ्याशी फार गोड बोललं की ह्याला माझ्याकडून काय हवं आहे ते मी आधी शोधते. अशा स्वभावाच्या मुलीला चोविसाव्या वर्षी प्राथमिक शिक्षिका म्हणून लाखनीपासून आत, डांबरी सडक सोडून बैलगाडीच्या वाटेवर असलेल्या एका गावी पाठवलं, आणि ते गाव निघालं कमालीचं गोड.

पहिल्याच दिवशी सरपंचांनी शाळेमागची खोली झाडून, सारवून ठेवली होती. दाराशी पाण्याची घागर भरलेली. आठवडाभरात कोणाकडून तांदूळ, कोणाकडून लाखोळीची डाळ. मी मुख्याध्यापकांना विचारलं, हे लोक असं का करतात? ते मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, चांगले आहेत म्हणून. माझा विश्वास बसला नाही. वरठीला स्टेशनजवळ वाढलेली मी. तिथे कोणी कोणाला फुकट पाणी पाजलं तर माणूस आधी गाडी चुकली का ते बघतो.

सरपंच हे गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदार. मालगुजारी कायद्याने कधीच गेली होती, पण त्यांना कोणी सरपंच म्हणत नसे. तोंडावर मालक, मागे मालगुजार. पन्नाशीचे, धोतर पांढरं स्वच्छ, आवाज कधी चढायचा नाही. मला हाच आवाज सगळ्यात जास्त खटकायचा. ओरडणाऱ्या माणसाचं काय ते कळतं तरी.

गावाचं सगळं तलावावर होतं. मालगुजारांच्या कोणा पणज्याने बांधलेला, आता सरकारजमा झालेला. तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, आतल्या बाजूने दगडी बांधकाम होतं, त्यात एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा जाड खुंटा ठोकलेला. ह्याला तुडूम म्हणतात. पाणी सोडायचं तर खुंटा काढायचा, की पाणी पाटाने धानात, म्हणजे भाताच्या शेतात. वरचे खुंटे पाळीवर बसूनही निघत. तळाचा मात्र पाण्याखाली बुडी मारूनच काढावा लागे, आणि तो निघाला की पाण्याची ओढ अशी की हात आत गेला तर निघायचा नाही.

पाऊस गेल्यावर, भारी, म्हणजे उशिरा पिकणारा धान कणसं धरायला पोटरीवर येतो तेव्हा, हे तळाचं तुडूम काढायचं काम गावातल्या एका ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्या जातीच्या घराकडे होतं. त्या घराचा तो मान होता. मी आले त्या वर्षी मी तो सोहळा पाहिला. पाळीवर सगळं गाव. मालगुजारांनी ढिवराच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्याला नवा शेला बांधला, हातात नारळ दिला. त्याने नारळ पाण्यात सोडला, शेला काढून बायकोकडे दिला आणि बुडी मारली. मी मनात आकडे मोजत होते. पन्नासच्या पुढे मोजणं सोडलं आणि बाजूच्या बाईचा हात धरला. मग तो वर आला, खुंटा उचलून दाखवला, आणि लोक पाटाकडे पळाले. त्याच्याकडे बघायला कोणी थांबलं नाही. तो पाळीवर डोकं एका बाजूला कलवून कानातलं पाणी काढत बसला होता.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. एवढा मोठा मान, तर तो मागायला दुसरं घर का येत नव्हतं? आमच्याकडे लग्नात मानाच्या साडीवरून दोन जावांत वर्षभर अबोला धरतात. इथे मात्र हा मान पिढ्यान् पिढ्या एकाच घरात, आणि कोणाला त्याचा हेवा नाही. बदल्यात त्या घराला काय मिळतं म्हणून मी विचारलं. तलावात जाळं टाकू देतात, एवढंच. म्हणजे काम करायचं आणि बदल्यात पोट भरायची परवानगी मिळवायची. शिवाय सणासुदीला मालगुजारांच्या घरी मासोळी पोचवायची, तीही मानातच धरलेली.

पुढे आणीबाणी आली. गावात तिचा आवाज रेडिओवरूनच. त्या काळात वेठबिगारी बंद झाल्याचा कायदा झाला आणि तहसिलीतून एक छापील कागद आला. गावात कोणी वेठबिगार आहेत काय, असल्यास नावं. ग्रामसेवकाकडे तीन गावं, तो महिन्यातून दोनदा उगवायचा. मालगुजारांनी कागद माझ्याकडे पाठवला, बाईचं अक्षर चांगलं आहे म्हणून. मी तो घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले की निरंक लिहा.

मी म्हटलं, मालक, एकदा विचारून तरी बघायचं का?

ते हसले. म्हणाले, कोणाला विचारणार? इथे कोणी कोणाचा बांधलेला नाही, सालदार आहेत ते आपल्या मर्जीने राहतात, बाकी सगळे शेतकरी आणि ढिवर. मग त्याच दमात त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली. आईला तेव्हा अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, वडील रेल्वेच्या नोकरीत, घरी बघणारं कोणी नाही. वरठीजवळच्या शाळेत माझी बदली व्हावी म्हणून मी दोनदा अर्ज केला होता. मालगुजारांचा एक नातलग जिल्हा परिषदेत सदस्य होता. ते म्हणाले, मी शब्द टाकून ठेवला आहे. मी निरंक लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात, वर शिरोरेघ अगदी सरळ.

त्या वर्षीचा पाऊस लवकर उघडला. धानाला पाणी लागणार हे दिसत होतं. अशात एक दिवस शाळा सुटल्यावर त्या ढिवराची बायको माझ्या दाराशी आली. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, काटक, हातात टोपली. टोपलीत पानात गुंडाळलेल्या झिंग्या, तलावातली बारीक कोळंबी. मी म्हटलं, कशाला आणल्या? ती म्हणाली, सहज. मग पावसाचं बोलली, पोरांच्या अभ्यासाचं बोलली, माझ्या चुलीच्या धुराचं बोलली. ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं मला लगेच ओळखू येतात. मी म्हटलं, काम काय आहे ते सांगा.

ती उंबऱ्यावर बसली. नवऱ्याच्या कानाचं सांगू लागली. एका कानाने त्याला दोन वर्षं ऐकू येत नव्हतं आणि आता दुसऱ्यातूनही पू येत होता. लाखनीच्या डॉक्टरने तपासलं आणि बजावलं की ह्या कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये, बुडी मारली तर हाही जाईल. तिने मालगुजारांना जाऊन सांगितलं की यंदा दुसऱ्या कोणाला तरी सांगा. त्यावर ते शांतपणे म्हणाले होते की मान तुमच्या घरचा, तो दुसऱ्याला कसा द्यायचा? नको असेल तर राहू द्या. पण मग तलावही राहू द्या.

"रेडिओत सांगून राह्यले का बेगार बंद झाली," ती म्हणाली. "मंग आमचं काय हाये, बाई? बेगार हाये का मान हाये? तुमच्या शाळेत मोठं पुस्तक हाये म्हणते, सरकारचं. त्याच्यात पाहा न आमाले काही लिवलं हाये का."

मला आधी तिचाच संशय आला. हिला कोणी पाठवलं? मी काय बोलते ते ऐकून जाऊन सांगायचं असेल. मी म्हटलं, बघते. ती गेल्यावर झिंग्यांचं पान उघडून बघितलं, खाली काही चिठ्ठी वगैरे आहे का म्हणून. ह्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा बघितलं खरं.

शाळेच्या पत्र्याच्या पेटीत, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली, राज्यघटनेची मराठी प्रत होती. तिला कोणी हात लावलेला नव्हता. पानं एकमेकांना चिकटलेली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ती घेऊन बसले आणि मूलभूत हक्कांत मला हवं ते सापडलं. माणसांचा व्यापार, बिगार, त्यासारखं कोणतंही सक्तीचं काम, सगळ्याला मनाई, आणि मोडलं तर गुन्हा. बिगार हा शब्दच तिथे होता, आमच्या गावात बेगार म्हणतात तो. मला इतका आनंद झाला की मी मुख्याध्यापकांना हाक मारली. ते पान खात म्हणाले, खालचंही वाचा.

खाली लिहिलं होतं की ह्या मनाईमुळे सरकारला सार्वजनिक कामासाठी लोकांवर सक्तीची सेवा लादायला अडचण येणार नाही. मी ते चारदा वाचलं. म्हणजे बिगार वाईट, पण सरकारने घेतली तर चालेल? एका हाताने दाराला कडी लावायची आणि दुसऱ्या हाताने मागचं दार उघडं ठेवायचं, असं काहीसं. एवढी शहाणी माणसं इतकी वर्षं बसून हे लिहितात, तेव्हा हे चुकून राहिलेलं नसणार. कोणीतरी मुद्दाम घालायला लावलं असणार. मला त्या ग्रंथाचाच संशय आला. ज्या ग्रंथाच्या राज्यात मालगुजारी गेली त्यानेच मालगुजारांसाठी एवढी वाट राखली होती का, कोण जाणे.

पण त्याच वाक्याला पुढे जोड होती. अशी सेवा लादताना सरकारने केवळ धर्म, वंश, जात, वर्ग ह्यांवरून भेद करायचा नाही. ते वाचलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग झालंच की. सार्वजनिक काम आहे ना, सगळ्यांच्या धानाला पाणी आहे ना, तर मग तळाशी बुडी मारायला एकट्या ढिवरानेच का जायचं? मालगुजारांचा धाकटा भाऊ उन्हाळ्यात तलाव पोहून आरपार जायचा, ते सगळ्या गावाने बघितलं होतं.

त्या बाईला मी निरोप पाठवला नाही, स्वतः गेले. तिच्या अंगणात जाळी वाळत होती. नवरा बसून शिवण घालत होता, त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी तिला सांगितलं की पुस्तकात तुमच्या बाजूचं लिहिलेलं आहे, काळजी करू नका, रविवारच्या ग्रामसभेत मी सगळ्यांसमोर वाचून दाखवते. काय लिहिलं आहे ते तपशिलाने सांगितलं नाही. मला वाटलं, सभेत ऐकेलच. खरं सांगायचं तर मला त्या सभेत उभं राहून वाचायची हौसही आली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी पंचायतीसमोर सभा भरली. खुर्ची मालगुजारांना, एक मुख्याध्यापकांना, एक मला. बाकी सगळे खाली. ढिवर मंडळी नेहमीप्रमाणे कडेला, चपलांच्या पलीकडे. यंदा तुडूम कधी काढायचं हा विषय निघाला तेव्हा ढिवर उठून उभा राहिला, पण बोलली त्याची बायकोच. तिने कानाचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली की बाईच्या पुस्तकात आमच्यासाठी कायदा आहे.

सगळे माझ्याकडे वळले. आता मालगुजारांचा आवाज चढणार म्हणून मी तयारीत होते. त्यांनी मात्र हाताने मला जागा करून दिली.

"वाचा न, बाई. कायले भेऊन राह्यल्या?"

मी उभी राहिले आणि वाचलं. पहिला भाग चांगला मोठ्याने वाचला. बिगार हा शब्द आला तेव्हा कडेला कुजबुज झाली. एकजण टाळी वाजवायला निघाला आणि थांबला. मी मालगुजारांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती.

"खालचंही वाचा," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं की हे कलम त्यांना पाठ आहे. भंडाऱ्याच्या कोर्टात त्यांची जमिनीची प्रकरणं चालू असायची, वकिलांच्या बैठकीत त्यांची उठबस होती. मी पुढे वाचलं. सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लादू शकेल, इथपर्यंत आले.

"बस झालं," ते म्हणाले. मग ते सभेकडे वळले. तलाव कोणाचा, त्यांनी विचारलं. माझा होता तेव्हा माझा. आता सरकारचा. पाणी कोणाला जातं? सगळ्या गावाला. मग हे सार्वजनिक काम झालं की नाही? बाईंनीच वाचून दाखवलं, मी काही माझ्या पदरचं सांगत नाही. खाली बसलेल्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांनाही दोष कसा द्यावा, धान त्यांचा सुकत होता. मग मालगुजार माझ्याकडे वळून, जशी एखादी चांगली बातमी सगळ्यांसमोर द्यावी तसं म्हणाले:

"आन् बाई, तुमच्या बदलीचा कागद झेडपीत सहीले गेला हाये. दिवाळीच्या आत येऊन जाईन."

तेवढंच. धमकी म्हणावी तर एकही शब्द धमकीचा नाही. पुढची ओळ माझ्यासमोर होती. दहाबारा शब्द असतील. मला दिसत होती आईची खाट, तिच्या ओठाच्या कडेने ओघळणारी पेज, आणि ती पुसायला कोणी नाही. मी पुस्तक मिटलं आणि खुर्चीवर बसले. मुख्याध्यापकांनी दुसरीकडे बघितलं. पुढच्या सोमवारी, आठ दिवसांनी तुडूम काढायचं ठरलं, आणि सभा खताच्या विषयाकडे गेली.

ते आठ दिवस मी स्वतःला पुष्कळ समजावलं. ती ओळ वाचून काय झालं असतं? त्यांनी दुसरा काही अर्थ काढला असता. ढिवराचा तलाव तर गेलाच असता. शिवाय मी परकी, एकटी राहणारी बाई, मला काय करायचं त्यांच्या गावात? पाण्यात राहून माशाशी वैर कोणी धरतं का? मी शाळेत जात होते, पाढे म्हणून घेत होते. ढिवराची बायको रोज शाळेवरून तलावाकडे जाताना दिसायची. मला वाटलं, ती रागाने बघते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. ती दिसली की मी खिडकीपासून आत सरकायची.

त्या सोमवारी मी पाळीवर गेले नाही असं मी पुढे पुष्कळ जणांना सांगितलं. मी गेले होते. सगळ्यांच्या मागे उभी होते. कुंकू झालं, शेला झाला, नारळ झाला. त्याने कानात तेलात भिजवलेला कापूस घातला आणि वरून मेण लावलं. बायकोने लावून दिलं. मग तो खाली गेला. खुंटा निघाला, पाटाला पाणी लागलं, लोक पळाले. तो वर आला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं आणि कापूस कुठेच नव्हता. मालगुजार त्याला काही म्हणाले, शाबास असं असावं. त्याने त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि मग बायकोकडे बघितलं. ते बघणं मी ओळखलं. काय म्हणाले, असं तो तिला विचारत होता.

दिवाळीच्या चार दिवस आधी बदलीचा आदेश आला. मालगुजार शब्दाला जागले. गाडीत सामान चढवताना त्यांनी तांदळाचं पोतंही ठेवलं. मी ते घेतलं.

वरठीजवळच्या शाळेत मी पुढे बरीच वर्षं काढली. आई आणखी सहा वर्षं जगली, मी तिचं सगळं केलं. कारखान्यातल्या एका माणसाशी लग्न झालं. सायकलवरून तो कामावर जायचा, मी शाळेत. सुखाने चाललं होतं. फक्त एक खोड लागली होती. शाळेत सव्वीस जानेवारी आली की मी शिक्षकांच्या खोलीत वाद उकरून काढायची. आपल्या घटनेने गुलामगिरी मोडली असं तुम्ही मुलांना सांगता, पण तिने सरकारसाठी ती राखून ठेवली आहे, कलम वाचा, असं मी म्हणायची. एक वयस्कर गुरुजी होते, ते शांतपणे सांगायचे की बाई, ते लढाईसाठी आहे, पुरासाठी आहे, त्यात पुढे भेदाची मनाईही आहे. मी म्हणायची, लिहिणाऱ्याने वाट ठेवली की चालणारा चालतोच. लिहिणारे काय साधे होते? माझा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, आजही मला तो चुकीचा वाटत नाही. पण एवढ्या त्वेषाने मी तो का मांडायची, ते एकदा नवऱ्यानेच विचारलं. तू त्या पुस्तकावर इतकी चिडतेस, त्याने तुझं काय बिघडवलं? घटना लिहिणाऱ्यांवर संशय, मालगुजारांवर संशय, झिंग्यांच्या पानावर संशय. सगळ्यांची झडती घेऊन झाली होती, एक माझी राहिली होती.

ऐंशीनंतरची चारपाच वर्षं गेली असतील. शिक्षकांच्या कसल्याशा शिबिरासाठी मला लाखनीला जावं लागलं. बाजाराचा दिवस होता. सडकेच्या कडेने ट्रकांची रांग, त्यांच्या धुरातच भाजीवाले आणि मासोळीवाल्या. मी वांगी बघत होते तर मागून हाक आली.

"बाई, वो बाई."

ती होती. केस पांढरे झालेले, पण तशीच काटक. बाजूला नवरा बसला होता, विळ्यावर मासोळ्या साफ करत. तिने मला बसायला पोतं दिलं. गावाचं सांगितलं. तुडुमाला आता लोखंडी दार बसवलं होतं, वरूनच चाक फिरवायचं, दोन वर्षांपासून कोणी बुडी मारत नव्हतं. मालगुजार वारले होते. तलावावर आता मच्छीमारांची सोसायटी होती. हिचा मोठा मुलगा सोसायटीच्या कामात होता. सगळं बरं चाललं होतं. नवऱ्याला मात्र त्या दिवसापासून काहीच ऐकू येत नव्हतं. ट्रकने त्याच्या मागेच भोंगा वाजवला, मी दचकले, त्याचा हात विळ्यावर तसाच चालू होता.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते मी त्या गर्दीत तिला सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी मी पूर्ण वाचलं नाही. पुढे एक ओळ होती. जात बघून एकाच घराला असं कामाला लावता येत नाही, असं लिहिलेलं होतं. ते तुमच्यासाठीच होतं. मला दिसत होतं, आणि मी बदलीसाठी गप्प बसले.

तिने मासोळीवरची माशी हाकलली. तिला धक्का बसेल, ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं मला. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुढं काही हाये ते मले मालूम होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, कसं? तुम्हाला तर वाचता येत नाही.

"तुमी पुस्तक मिटलं, पन बोट आतच ठेवलं होतं. पानात. खुडचीवर बसल्या तरी काढलं नाही. वाचून झालं असतं तं बोट कायले ठेवलं असतं?" तिने मासोळीवर पाणी शिंपडलं. "मी म्हणलं, आज मालक हाये समोर, बाई भेली. उद्या वाचन. म्हणून आठ दिवस रोज तुमच्या शाळेवरून जाऊन राह्यली होती मी. आमची वाट तं तिकून नवती. तलाव आमच्या घराच्या मांगंच हाये."

ट्रक जात होते, येत होते. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने विळा बाजूला सारला आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात विचारलं, बाई काय म्हणते?

तिने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे वळून हात हलवला, काही नाही. आणि टोपलीकडे बोट दाखवलं, भाव विचारून राह्यली. त्याने हसून माझ्यासाठी चांगली ताजी मासोळी निवडायला घेतली.